उंबरठा कुठे होता? निळ्या ब्राँझच्या एका प्रकल्पाचं प्रकरण

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्राचा प्रकल्प असतो. दोघांची जोडी, एक मार्गदर्शक, साधारण सहा-सात महिने. पुढची हकीकत अशाच एका जोडीची आहे आणि त्यातला मार्गदर्शक मी. विद्यार्थ्यांची ओळख कळू नये म्हणून एकीला ‘सिन्नरची’ आणि दुसऱ्याला ‘नाशिकरोडचा’ म्हणतो. वर्गातही त्यांना जवळपास हेच म्हणत. चुकीचा मोठा वाटा माझाच होता, हेही आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

माझ्या पीएच.डी.च्या दिवसांतली एक छोटी काचेची बाटली कपाटात पडून होती. तिच्यात निळसर काळ्या, चमकदार पट्ट्यांसारखे स्फटिक होते, सगळ्यात मोठा पाच-सहा मिलिमीटर लांब. हे ‘निळं ब्राँझ’, म्हणजे पोटॅशियम आणि मोलिब्डेनमचं ऑक्साइड. दर मोलिब्डेनममागे तीन ऑक्सिजन आणि ०.३ पोटॅशियम. नावात ब्राँझ असलं तरी कांस्याशी याचा काही संबंध नाही. असल्या ऑक्साइडांना धातूसारखी चकाकी असते, तिच्यावरून ते नाव पडलं. पोटॅशियम मोलिब्डेट आणि मोलिब्डेनम ट्रायऑक्साइडचं मिश्रण वितळवून त्यातून वीज सोडली की हे स्फटिक इलेक्ट्रोडवर वाढतात. मिश्रणाचं प्रमाण आणि तापमान थोडं इकडेतिकडे झालं तर निळ्याऐवजी लाल किंवा जांभळं ब्राँझ हाती येतं. ते हवेत टिकतं, म्हणून इतक्या वर्षांनीही बाटलीतला माल शाबूत होता.

या पदार्थाची गंमत त्याच्या रचनेत आहे. मोलिब्डेनम-ऑक्सिजनच्या अष्टफलकांच्या साखळ्या एकाच दिशेने, बी अक्षाला धरून जातात, आणि इलेक्ट्रॉनही त्याच दिशेने सहज धावतात. आडव्या दिशांना रोध कितीतरी पटींनी जास्त. म्हणजे हा जवळपास एकमितीय धातू. आणि एकमितीय धातूला स्वस्थ बसवत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्सने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवलं होतं. तापमान उतरलं की साखळीतले अणू एका ठरावीक लांबीच्या लहरीत किंचित सरकतात. ती लांबी इलेक्ट्रॉनांच्या फर्मी तरंगसदिशाच्या (भरलेल्या सगळ्यात वरच्या पातळीशी जुळणाऱ्या) दुपटीवरून ठरते. अणू सरकवायला जी ऊर्जा लागते, त्याहून अधिक ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांत फट पडल्याने वाचते, म्हणून हा सौदा परवडतो. अणूंबरोबर इलेक्ट्रॉनांची घनताही लहरीत दाट-विरळ होते. हीच चार्ज डेन्सिटी वेव्ह, म्हणजे भारघनता तरंग, आमच्या बोलीत सीडीडब्ल्यू. धातूचा अर्धवाहक होतो.

निळ्या ब्राँझमध्ये हे १८० केल्विनला घडतं, म्हणजे उणे ९३ अंश सेल्सिअसला. निव्वळ एकमितीय साखळीत असा बदल निरपेक्ष शून्यावरच्या कुठल्याच तापमानाला पक्का होऊ शकत नाही. शेजारच्या साखळ्या एकमेकींना धरून असतात म्हणून तो होतो. रोधातला हा बदल १९६४ पासून माहीत होता, पण तो पायर्ल्सचाच बदल आहे हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाशीय आणि क्ष-किरण मोजमापांतून स्पष्ट झालं.

हाच पदार्थ का घेतला, याचं उत्तर साधं आहे. आमच्याकडे द्रव नायट्रोजन असतो आणि तो ७७ केल्विनला उकळतो, त्याहून थंड आम्हाला जाता येत नाही. जांभळ्या ब्राँझचा बदल १२० केल्विनला येतो, तोही आवाक्यातला, पण त्या द्विमितीय पदार्थात फट अर्धवटच पडते. तो धातूच राहतो आणि आलेखात नुसता उंचवटा दिसतो. निओबियम ट्रायसेलेनाइडचे बदल १४५ आणि ५९ केल्विनला, त्यातला दुसरा आमच्या हाताबाहेर. लिथियमचं जांभळं ब्राँझ तर १.९ केल्विनला अतिवाहक होतं. ते आम्ही वाचायचं आणि सोडून द्यायचं.

अडचण

पहिला भाग छान पार पडला. तापमान उतरवत रोध मोजला. १८० केल्विनच्या आसपास तो वर वळला आणि पुढे चढतच गेला. बाटलीवरची माझी जुनी चिठ्ठी खरी ठरली: लाल असतं तर वळणच आलं नसतं, जांभळं असतं तर १२० ला उंचवटा आला असता.

मग हाव सुटली.

१८० केल्विनच्या खाली ही लहर जागची जागी अडकून असते. स्फटिकातले दोष, परके अणू तिला धरून ठेवतात. बाभळीच्या कुंपणावर लुगडं वाळत घातलं तर ते काट्यांत अडकतं, हलकं ओढलं की ताणतं पण निघत नाही. जरा जोर लावला की सुटून हातात येतं. तसंच इथे. विद्युतक्षेत्र एका मर्यादेपलीकडे नेलं की अख्खी लहर सरकू लागते आणि स्वतः वीज वाहून नेते. ओहमचा नियम मोडतो. सरकणाऱ्या लहरीची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रोलिशने १९५४ मध्ये मांडली होती, आणि निळ्या ब्राँझमध्ये ही वाहकता फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गटाने १९८३ मध्ये दाखवली. मर्यादेच्या त्या क्षेत्राला आम्ही ‘उंबरठा’ म्हणत होतो.

जानेवारीतल्या एका दुपारी नाशिकरोडचा धावत स्टाफरूममध्ये आला. “सर, आलं!” आलेख खरोखर देखणा होता. प्रवाह १ मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी वाढवलेला, ७ मिलिअँपिअरपर्यंत रेघ सरळ, आणि ७.५ च्या सुमाराला, १.५ व्होल्टपाशी, ती वाकलेली. तिथून पुढे व्होल्टेज वाढायला तयारच नाही. प्रवाह उतरवताना रेघ चढतानाच्या वाटेने परतत नव्हती. सिन्नरचीने त्यावर लगेच सांगितलं, की निळ्या ब्राँझमध्ये लहरीच्या अर्धस्थिर अवस्था असतात, इतिहासाची आठवण असते, असं तिने वाचलंय. तिचं वाचन बरोबर होतं. तेच आम्हाला भोवलं.

आठवड्याभरात एका राज्यस्तरीय विद्यार्थी परिषदेच्या सारांशांची मुदत संपत होती. ‘निळ्या ब्राँझमधील सरकत्या भारघनता तरंगाचे निरीक्षण’ असं शीर्षक देऊन त्यांनी सारांश लिहिला आणि मी सही केली. पहिला निर्णयबिंदू हा. त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही. वीस वर्षं कपाटात पडलेल्या बाटलीतून काही निघालं, याचा आनंद मलाच जास्त झाला होता.

शंका कुठून आली

पहिली शंका आमच्यापैकी कुणालाच आली नाही. प्रयोगशाळेत सहायक आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. जोडी परिषदेसाठी पुन्हा वाचनं घेत होती आणि नाना वहीत आकडे उतरवत होते. ते म्हणाले, “सर, कोणता आकडा लिहू? हा तर बोलता बोलता खाली येतोय. शेगडीची कॉइल तापताना येतो तसा.” मी म्हटलं, पाच सेकंदांनी दिसेल तो लिहा. आणि विषय संपवला. दुसरा निर्णयबिंदू, तोही हुकलेला.

परिषदेच्या सरावात सिन्नरची फळ्यावर उभी होती. मी परीक्षकाचा आव आणून विचारलं, उंबरठ्याचं क्षेत्र किती आलं? तिने फळ्यावरच भागाकार केला. १.५ व्होल्ट, टोकाच्या दोन जोडांमधलं (स्फटिकाला तारा चिकटवल्या होत्या त्या जागांमधलं) अंतर ४ मिलिमीटर. सेंटिमीटरला पावणेचार व्होल्ट. नंतर तिने स्वतःच्या वहीत पाहिलं. ७७ केल्विनला या पदार्थाचा उंबरठा सेंटिमीटरला ०.१ व्होल्टच्या आसपास असतो, असं तिनेच ऑक्टोबरमध्ये लिहून ठेवलं होतं. सदतीस पटींचा फरक. खडू हातात तसाच राहिला.

वाईट स्फटिकात उंबरठा वाढतो, हे खरं. दोष जास्त तर पकड घट्ट. नाशिकरोडचा त्याच मुद्द्याला धरून बसला. पण एवढा?

मग ऊर्जेचा हिशेब काढला. १.५ व्होल्ट गुणिले साडेसात मिलिअँपिअर म्हणजे सुमारे ११ मिलिवॅट. घरातल्या दिव्यापुढे काहीच नाही. पण स्फटिक तांदळाच्या दाण्याहून लहान, अभ्रकाच्या तुकड्यावर चिकटवलेला आणि भोवती नायट्रोजनची नुसती वाफ. उष्णता जाणार कुठून? आमच्याच रोधाच्या आलेखाचा उतार सांगत होता, की ७७ केल्विनजवळ तापमान एक अंश चढलं की रोध आठ-नऊ टक्क्यांनी पडतो. तीन-चार अंशांनी तापलं तरी रेघ वाकायला पुरे. आणि अर्धवाहकाचा रोध तापल्यावर पडतो, रोध पडला की प्रवाह वाढवायला वाट मिळते, ते पुन्हा तापवतं. उतरताना वेगळी वाट दिसणार, कारण तापलेला दाणा निवायला वेळ घेतो. नानांची शेगडी हीच होती.

समोरचे पर्याय

हातात साधारण दीड महिना होता. चौघांनी बसून विचार केला, नानांसकट.

स्पंदांनी मोजायचं, हा पाठ्यपुस्तकी उपाय. प्रवाह काही मायक्रोसेकंदच सोडायचा, स्फटिक तापायच्या आत वाचन घ्यायचं. त्याला लागणारी साधनं आमच्याकडे नव्हती. पुण्यात ओळखीच्या ठिकाणी ती होती, पण तारीख मिळेपर्यंत मार्च उजाडला असता, आणि जोडून नेलेले स्फटिक एसटीच्या धक्क्यांत टिकतील याची खात्री कुणी देईना.

दुसरा पर्याय म्हणजे हा भाग सोडून द्यायचा. १८० केल्विनचा आलेख चांगला होता, तेवढ्यावर गुण मिळाले असते. नाशिकरोडचा या बाजूने होता आणि मी त्याला दोष देत नाही. त्याच महिन्यात त्याची नेट परीक्षेची तयारी चालू होती.

तिसरा, जे आहे त्यातच नीट मोजायचं: चार जोड लावायचे (बाहेरच्या दोनांतून प्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टेज, म्हणजे जोडांचा स्वतःचा रोध मोजमापात येत नाही), स्फटिक वाफेत न ठेवता थेट द्रवात बुडवायचा, आणि प्रवाहाच्या पायऱ्या बारीक करायच्या. यात अडचण एकच पण जुनी होती. दोनच जोडांवर आम्ही आलो होतो, कारण चार टिकत नव्हते. चांदीचा लेप थंड होताना तडकायचा आणि चारातला एखादा तरी सुटायचाच. नोव्हेंबरात तीन आठवडे यात गेले होते. त्या वेळी मीच म्हटलं होतं, “राहू द्या, दोनांवर करा, बदल तर दिसतोय ना?” रोधाच्या वळणासाठी ते चाललं. पण पुढच्या भागाला तीच जोडणी तशीच वापरताना कुणी थांबून विचार केला नाही.

परिषदेचं काय, हा वेगळा वाद झाला. सारांश स्वीकारला गेला होता. मागे घ्यायचा, की तसाच ठेवून तिथे जाऊन ‘प्राथमिक निरीक्षण’ म्हणायचं? मला दुसरा मार्ग सोयीचा वाटत होता. सिन्नरची म्हणाली, “सर, शीर्षकात ‘निरीक्षण’ आहे. आपण पाहिलेलं नाही.” मग आयोजकांना पत्र लिहून शीर्षक बदलून घेतलं. नवं शीर्षक फक्त १८० केल्विनच्या बदलाबद्दल होतं. त्यांनी विनातक्रार बदललं. मला वाटलेली भीती फुकटची होती.

काय केलं

आधी सगळ्यात स्वस्त चाचणी केली, नवे जोड न लावता. तोच स्फटिक, तेच दोन जोड, पण द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला. सरकत्या लहरीचा उंबरठा असता तर तो साधारण तिथेच राहायला हवा होता. रेघेचं वळण २० मिलिअँपिअरच्या पुढे निघून गेलं. द्रव उष्णता ओढून नेतो, म्हणून तापायला जास्त प्रवाह लागला, इतकंच. दहा मिनिटांचं काम. जानेवारीतच केलं असतं तर सारांशावर सही करायची वेळ आली नसती.

जोडांसाठी मात्र घाम गाळावा लागला. तारा जाड होत्या, हे सिन्नरचीच्या लक्षात आलं. थंड होताना तार आकसते आणि लेपाला उपटते. तिने मोबाइलच्या जुन्या चार्जरची वायर सोलून त्यातली एकेक केसासारखी तार काढली आणि जोडाआधी तिला छोटा वळसा दिला, म्हणजे आकसायला जागा राहते. भिंग रविवार कारंज्याजवळच्या एका घड्याळजींकडून उसनं आणलं. स्फटिकाचा ताजा पापुद्रा काढून त्या स्वच्छ पृष्ठावर लेप लावला. हे स्फटिक अभ्रकासारखे पदर सोडतात आणि साखळ्यांची दिशा त्या पदरातच असते, म्हणून दिशा चुकायची भीती नाही. पाच स्फटिकांवर काम केलं, तिघांचे चारही जोड थंडीत टिकले.

मध्येच नायट्रोजन संपला. अंबडच्या गॅसवाल्याची गाडी त्या आठवड्यात येणार नव्हती. सिन्नरचीच्या चुलत्यांचं गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम आहे, आणि त्यासाठीच्या वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या जारमध्येच ठेवतात. त्यांच्याकडचा तीन लिटरचा रिकामा जार आणि एका ओळखीच्या केंद्रातून भरून आणलेला माल यावर शनिवार-रविवार निघाले. काकांनी जार देताना एवढंच विचारलं, “यात गाय कुठली घालणार?”

आता पायऱ्या १० मायक्रोअँपिअरच्या घेतल्या. आतल्या दोन जोडांत २ मिलिमीटरचं अंतर, रोध सुमारे ६५ ओहम. पहिल्या स्फटिकात रेघ २४ मिलिव्होल्टपर्यंत अगदी सरळ होती. तिथून ती हळूच, पण दर वेळी त्याच ठिकाणी, ओहमच्या रेघेपासून सुटत होती. सेंटिमीटरला १२० मिलिव्होल्ट. प्रवाह ०.३७ मिलिअँपिअर. दोन जोडांमध्ये खर्च होणारी शक्ती नऊ मायक्रोवॅट, जानेवारीच्या आकड्याच्या हजारावा भागही नाही, आणि तीही द्रवात बुडालेल्या स्फटिकात. तापण्याचा प्रश्नच उरला नाही.

हे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली आणि आम्ही तिघंही काही वेळ गप्प बसलो. जानेवारीतली आमची पहिलीच पायरी १ मिलिअँपिअरची होती. म्हणजे खरा उंबरठा शून्य आणि पहिल्या बिंदूच्या मधेच राहून गेला होता. ज्या सरळ रेघेला आम्ही ‘अडकलेली लहर’ म्हणत होतो, तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूला लहर आधीच सुटलेली होती. दोन जोडांचा जाडजूड रोध त्यात मिसळल्यामुळे वाक दबून रेघ सरळ भासत होती.

आणखी एक खूण हवी होती. लहर सरकू लागली की व्होल्टेजमध्ये गोंगाट वाढतो, हे या पदार्थांचं ओळखीचं लक्षण. प्रवर्धक लावून ऑसिलोस्कोपवर पाहिलं. २४ मिलिव्होल्टच्या खाली रेघ बारीक, वर गेलं की जाड. प्रवाह उतरवला की पुन्हा बारीक. नाशिकरोडचा, जो नेटच्या तयारीत होता, त्या संध्याकाळी आठपर्यंत तोच नॉब खालीवर करत बसला होता.

निष्पत्ती

दुसऱ्या स्फटिकातही उंबरठा सापडला, थोडा वर, १७० मिलिव्होल्टच्या आसपास. गोंगाटही वाढला. तिसऱ्यात काहीच सापडलं नाही. आमच्या मर्यादेपर्यंत रेघ सरळ राहिली. भिंगाखाली त्याला आडवी चीर दिसली, पण ती आधीची की थंडीतली, हे ठरवता आलं नाही. प्रबंधात तिन्ही आलेख दिले, तिसऱ्यासकट, आणि जानेवारीचा वाकलेला आलेखही ‘स्वतापनामुळे आलेलं वळण’ म्हणून एका वेगळ्या प्रकरणात घातला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला. परिषदेत बक्षीस मिळालं नाही. १८० केल्विनचा आलेख चाळीस वर्षांपूर्वीच्या माहितीत काही भर घालत नव्हता आणि तसा दावाही नव्हता.

पुन्हा करायचं तर

पायरी ठरवण्याआधी अपेक्षित उंबरठा गुणिले जोडांमधलं अंतर हा गुणाकार करायचा. तो अर्ध्या मिनिटाचा आहे आणि त्यासाठी लागणारा आकडा ऑक्टोबरपासून वहीत होता. आता प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर मी हा रकाना छापून घेतला आहे.

दोन जोडांवर उतरण्याचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबरातल्या कामाला तो पुरेसा होता. पण सवलत कशासाठी घेतली हे वहीत लिहिलं नव्हतं, म्हणून ती पुढच्या कामातही घुसली. लेपाऐवजी इंडियम या मऊ धातूचे जोड केले असते तर तडकण्याचा त्रासही बहुधा कमी झाला असता. ते मला सुचायला हवं होतं.

उतरतानाची वेगळी वाट पाहून आम्ही ‘अर्धस्थिर अवस्था’ म्हणालो, त्याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. विद्यार्थिनीने वाचलं होतं ते खोटं नव्हतं, आणि न वाचणाऱ्याला ते सुचलंही नसतं. पण प्रत्येक वाचन पाच सेकंदांनी आणि एका मिनिटानी असं दोनदा घेतलं असतं, तर आकडा सरकतोय हे लपलं नसतं. नानांना ते दिसत होतं, कारण त्यांच्या हातात पेन होतं आणि डोक्यात सीडीडब्ल्यू नव्हती.

पुण्याला जाऊन स्पंदांनी मोजणं राहूनच गेलं. बाटलीत चार स्फटिक उरले आहेत. यंदाच्या जोडीने ते मागितले आहेत, आणि काकांचा जार अजून आमच्याकडेच आहे.